दोरीच्या टोकाचा माणूस

गल्लीत माझ्या फोटो स्टुडिओच्या एका बाजूला चपला शिवणारा बसतो आणि दुसऱ्या बाजूला दातांचा डॉक्टर. त्यामुळे माझं गिऱ्हाईक एक तर लंगडत येतं, नाही तर गाल धरून येतं, आणि दोघांनाही मी एकच सांगतो, जरा हसा. वर्षाचे नऊ-दहा महिने मी लोकांचे कान नीट दिसतील असे फोटो काढतो. उरलेले दिवस शहराबाहेरच्या सपाट रानावर विजांची मोठी वादळं उभी राहतात. तेव्हा दुकानाला ‘आलोच’ अशी पाटी लावतो आणि गाडी काढतो. पाटी कधी कधी दोन दिवस तशीच लटकलेली असते. चपलावाला गिऱ्हाइकांना सांगतो, त्यांचं ‘आलोच’ जरा मोठं असतं.

बायको म्हणते, "जग वादळ आलं की घराकडे पळतं. आमचे हे उलटे."

हा नाद पोसतो तो कॅलेंडरवाला. शेतीच्या अवजारांची मोठी मोठी कॅलेंडरं छापतो. माझे पहिले फोटो त्याने नाक खाजवत बघितले होते. "ढग काय, सगळ्यांनीच बघितलेत. हा केवढा आहे ते कसं कळणार? खाली एक माणूस उभा करा. माणूस मुंगीएवढा दिसला की ढग आपोआप राक्षस होतो."

आमच्या धंद्यात याला मापाचा माणूस म्हणतात. आधी मी एक बुजगावणं नेलं. वाऱ्याने ते उचललं आणि एका सभ्य गृहस्थांच्या गाडीच्या काचेवर आदळलं. आपण कुणाला तरी उडवलं असं वाटून ते गृहस्थ थेट पोलिसांत हजर झाले. मग कपड्यांच्या दुकानातला पुतळा नेला. त्याला डोकं नव्हतं. कॅलेंडरवाल्याने फोटो परत पाठवला, वर चिठ्ठी, "शेतकरी वर्ग नाराज होईल."

शेवटी मेहुण्याला धरलं. बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच वरच्या खोलीत राहतो आणि फ्रिज दुरुस्त करतो. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा बायकोनेच त्याला वाढवलं. इतकं वाढवलं की थांबायचं राहून गेलं. मी त्याला जिराफ म्हणतो. आमच्या दारातून आत येताना त्याचं कपाळ चौकटीला आपटतं. रोज आपटतं. ‘ठक’ झालं की बायको ताट वाढायला घेते.

मापाचा माणूस म्हणून जिराफ सोन्यासारखा होता. उभा राहा म्हटलं की उभा. विजेची भीती नाही, कारण रबरी बूट घातले की वीज विचारात पडते असं त्याचं मत. अडचण एकच होती. दर फोटोत माणूस सारख्याच अंतरावर हवा आणि वादळात हाक ऐकू जात नाही. त्यावर मी कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी काढली. एक टोक ट्रायपॉडच्या पायाला, दुसरं जिराफाच्या हातात. दोरी ताणली गेली की तिथेच थांबायचं, वादळाकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ. एक झटका म्हणजे जागा सोडू नको. दोन झटके म्हणजे सगळं सोड आणि गाडीकडे पळ.

एक मोसम हे झकास चाललं. जिराफ फोटोत करंगळीच्या नखाएवढा यायचा, दर वेळी तेवढाच. कॅलेंडरवाला खूष. बायको तेवढी दोरीवरून कुरकुरायची, "माझा भाऊ म्हणजे काय बकरी आहे?"

पुढच्या मोसमातल्या पहिल्याच वादळात तो फोटोत तांदळाच्या दाण्याएवढा आला.

मी तर्काने चालणारा माणूस आहे. लेन्स तीच, दोरी तीच, जिराफ तोच. म्हणजे यातलं एक काही तरी बिघडलंय. आधी दोरी अंगणात पसरून मोजली. नायलॉन भिजल्यावर ताणतं, पण दोरी होती तेवढीच होती. मग लेन्स दुरुस्तीवाल्याकडे दिली. त्याने ती चार दिवस ठेवून घेतली आणि म्हणाला, "लेन्स ठणठणीत आहे. तुम्ही चष्म्याचा नंबर बघून घ्या." तोही बघून घेतला.

त्यानंतरच्या वादळात जिराफ मोहरीएवढा आला. घरी फोटो मोठा करून बघितला. निळी दोरी माझ्या पायाशी सुरू होऊन गव्हाच्या खुंटांवरून सरळ गेली होती. ती जिथे संपायला हवी तिथे संपत नव्हती. पुढे, अजून पुढे, अगदी ढगाच्या खालच्या काळ्या पट्ट्यापर्यंत. तिच्या टोकाला पाठमोरा जिराफ.

कॅलेंडरवाल्याचा फोन आला. "अहो, कमाल केलीत. माणूस बघून पोटात गोळा येतो. मुखपृष्ठ तुमचं." मी लेन्सबद्दल काही बोललो नाही.

त्याच सुमाराला जिराफाचं गाडीचं लायसन्स संपलं. घरातच स्टुडिओ असलेल्या माणसाने फोटोसाठी वणवण करायची नसते. स्टुलावर बसवला, निळा पडदा मागे, कान दाखवले, काढला. तो घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. खिडकीवरच्या कारकुनाने फोटो परत केला होता.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, हा चेहरा नाही, अफवा आहे," जिराफ म्हणाला. "जवळून काढून आणा म्हणाला."

फोटोत चेहरा खरंच वाटाण्याएवढा होता. घाई केली असेन, असं म्हणून मी त्याला पुन्हा बसवला. कॅमेरा जवळ नेला. अजून नेला. शेवटी इतका जवळ नेला की त्याच्या श्वासाने काच धुरकटली. ती पुसली आणि बटण दाबलं.

स्क्रीनवर स्टूल होतं. पूर्ण आकाराचं, त्याचा उसवलेला रेक्झीनचा कोपरा स्पष्ट. वर कुणी बसलेलं नव्हतं. मागे निळा पडदा, त्याची इस्त्री न झालेली घडी. आणि पडद्याच्या खालच्या काठाशी, काडीएवढा, पाठमोरा उभा असलेला माणूस. त्याच्या हातात दोरी होती.

समोर स्टुलावर बसलेला जिराफ माझ्याकडे बघून हसत होता. "आलं का, भावजी?"

"बॅटरी उतरली," मी म्हणालो.

बायकोला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. त्या संध्याकाळी जेवताना ती एकदम म्हणाली, "हा ठक न करता आत कसा आला?"

खरंच की. दार तेच, चौकट तीच, आणि जिराफ न वाकता आत येऊन बसला होता. तो नेहमीसारखा एका फ्रिजची गोष्ट सांगत होता. एका म्हातारीच्या फ्रिजमधून आवाज येतो म्हणून याला बोलावलं, तर आत घड्याळ निघालं. गोष्ट चांगली होती. पण त्याचे ओठ हलायचे, थांबायचे, तो घास घ्यायचा, आणि मग शब्द यायचे. स्वतःच्या विनोदावर तो आधी हसला, मग विनोद ऐकू आला, मग हसणं. ओठ घरात बोलावं तसे सावकाश हलत होते. आवाज मात्र शेताच्या पार त्या टोकावरून कुणी हाक मारावी तसा येत होता, बारीक आणि ओरडून ओरडून.

"नाटकं करू नकोस," बायको म्हणाली.

तो नाटकं करत नव्हता. बायकोने मुद्दाम झाकण खाली पाडलं. मी दचकलो. जिराफ भात कालवत होता. त्याने भात कालवला, एक घास तोंडात घातला, आणि मग दचकला.

वीज दिसली की आम्ही आकडे मोजायला लागतो आणि गडगडाट ऐकू आला की थांबतो. जेवढे आकडे जास्त, तेवढी वीज लांब. हे बायकोला मीच शिकवलं होतं. ती आता टेबलावर बोटं ठेवून, भावाच्या ओठांकडे बघत मोजत होती. सातव्या बोटाला थांबली.

"किती लांब झाला हा?" तिने मला विचारलं. तो समोर बसलेला असताना, तो तिथे नसल्यासारखं.

मी गुणाकार केला नाही.

जिराफाने आमच्याकडे बघून काही तरी विचारलं, ताट उचललं आणि हात धुवायला गेला. नळाखाली त्याचे हात होते तेव्हा तो प्रश्न आमच्या टेबलापर्यंत आला. "तुम्ही दोघं हल्ली जेवायला इतक्या लांब का बसता?"

त्याच्या खुर्चीवर गव्हाचा भुसा पडला होता. बायकोने तो तळहातावर गोळा केला. टाकला नाही.

पुढचे काही दिवस बिकट गेले, आणि त्यांत हसण्यासारखंही बरंच होतं, पण आम्हाला जमलं नाही. जिराफाच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायला लागल्या. तुमचा माणूस बहिरा आहे का, फोनवर बोलत का नाही, नुसता वारा ऐकू येतो. एका बाईंनी त्याला घराबाहेर काढलं, कारण त्यांनी चहा विचारला आणि हा त्यांच्या तोंडाकडे नुसता बघत बसला. कानाच्या डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, कान उत्तम आहेत, फक्त ओले आहेत. इकडे बाहेर कडकडीत ऊन होतं. जिराफाचे शर्ट मात्र पाठीवर भिजलेले असायचे. बायको ते पिळून वाळत घालायची आणि त्यांच्याकडे बघत अंगणात उभी राहायची.

"तुला भीती वाटते का रे?" तिने एकदा विचारलं आणि उत्तराची वाट बघत त्याचा हात धरून बसली. हात गरम होता, तिथेच होता. वाट बघावी लागली.

"नाही गं, ताई," आवाज आला. "फक्त तू फार बारीक दिसतेस. आणि इथे सारखं भरून येतं."

कॅलेंडरवाला मधेच फोन करायचा. "पुढच्या फोटोत माणूस अजून लहान चालेल. नसला तरी चालेल. फक्त आहे असं वाटलं पाहिजे."

त्या रात्री बायकोने मला सगळे फोटो दाखवायला लावले. स्टुलाचासुद्धा. मला वाटलं ती रडेल. तिने चष्मा वर केला, नाक स्क्रीनला टेकवलं आणि विचारलं, "हे हातात काय आहे त्याच्या? दोरीच ना?"

"फोटोत तरी दोरीच दिसते."

"सोडलेली नाही त्याने."

"नाही."

"मग ओढू," ती म्हणाली, आणि झोपायला गेली.

मी तिला समजवायचा प्रयत्न केला. फोटोतली दोरी फोटोत असते, वगैरे. ती म्हणाली, "तुमचा तर्क तुमच्यापाशी ठेवा. लेन्स चार दिवस दुरुस्तीला दिली होती ना? माझा भाऊ कुठल्या दुकानात देऊ?"

तिसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेला ढग वर चढायला लागला. आम्ही तिघं गाडीत बसलो. जिराफ मागे, गुडघे हनुवटीला लावून. आरशात तो नीट दिसत नव्हता, म्हणून मी आरसा वर केला.

रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कापलेला गहू, मधे धान्याची पत्र्याची कोठी आणि पुढे काहीच नाही. ढगाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला होता. त्याच्या खाली हिरवट अंधार. पक्षी आमच्या डोक्यावरून उलट्या दिशेने गेले, आणि वादळाच्या फोटोंचा नाद असलेल्या दोन गाड्याही. एकाने काच खाली करून ओरडून सांगितलं, "आज नको, आजचं वेगळं आहे." आम्ही त्याला हात दाखवला.

नेहमीच्या जागी ट्रायपॉड रोवला. जिराफाला दोरीचं टोक दिलं. तो चालत गेला, दोरी ताणली, थांबला. वादळाकडे तोंड, आमच्याकडे पाठ. डोळ्यांना तो जवळच दिसत होता. शर्टाची शिवण दिसत होती.

मी बटण दाबलं. स्क्रीनवर तो नव्हता.

दोरी होती. ती काळ्या पट्ट्यात शिरत होती आणि दिसेनाशी होत होती.

बायकोने ट्रायपॉडच्या पायाची गाठ सोडवली आणि दोरी दोन्ही हातांत घेतली. पाय रोवले. ओढली.

दोरी आली.

समोर जिराफ जागचा हलला नव्हता. त्याच्या हातातलं टोकही हललं नव्हतं. आणि तरी दोरी येत होती. बायको ओढत होती आणि तिच्या पायाशी निळं वेटोळं वाढत होतं. घरून आणलेली सगळी दोरी तिच्या पायाशी पडली. तरी येतच होती. ओली, थंड, भुसा चिकटलेली.

"काढा," ती ओरडली. "काढत राहा. आला की सांगा."

मी काढत राहिलो. तिसऱ्या फोटोत काळ्या पट्ट्यात एक ठिपका.

"आहे."

पाचव्यात मोहरी. मग तांदूळ.

वारा फिरला. पहिल्या गारा पडल्या. ती भावाला हाका मारत होती, लहानपणच्या नावाने, जे मी कधी ऐकलं नव्हतं. तिचा घसा फाटत होता.

"फ्रेममधे येतेयस," मी ओरडलो. "मागे हो."

"तुम्ही त्याच्याकडे बघा."

मी त्याच्याकडे बघितलं. प्रत्येक फोटोत तो वाढत होता. करंगळीचं नख. करंगळी. मी दुसरं काही बघितलंच नाही.

मग वीज पडली, कोठीच्या मागे. जिराफ त्याच क्षणी दचकला.

त्याच क्षणी.

तो वळला. "भावजी," तो म्हणाला, आणि ओठांबरोबर म्हणाला. "दोन झटके दिलेत का? मी पळू?"

दोरी गाडीच्या डिकीत मावली नाही. मागच्या सीटवर कोंबली आणि वर जिराफाला बसवलं. बायको पुढे, डोळे मिटून, तळहात सोललेले. घरी पोचलो. जिराफ आत शिरला आणि चौकटीवर असा आपटला की आतल्या खोलीतलं कॅलेंडर खाली पडलं. ठक. बायकोने भिंतीला टेकून तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती, ते कळलं नाही. तिचा आवाज पार बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो काढला. चौकटभर चेहरा, कपाळावर टेंगूळ. कारकून म्हणाला, "आता कसं, माणूस वाटतो." घसा बसलाय म्हणून बायकोने कुणाला तरी विचारायचं, तर ती शेजारच्या दातांच्या डॉक्टरलाच विचारून आली. त्याने दातांशी संबंध नसल्याने फुकट सल्ला दिला, दोन-तीन दिवस अजिबात बोलू नका. ती बोलली नाही. खुणा करायची. घरात इतकी शांतता कधी नव्हती. जिराफ म्हणाला, "ताई, माझी दोरी सोडवलीस आणि बोलणंही सोडलंस."

आज दुपारी कॅलेंडरवाल्याने वादळाचे फोटो मागवले म्हणून मी ते पहिल्यांदा मोठ्या स्क्रीनवर लावले. जिराफ खालीच बसून कुठल्याशा फ्रिजची मोटर उघडत होता. मी एकेक फोटो पुढे सरकवला. ठिपका. मोहरी. तांदूळ. नख.

डाव्या कडेला बायको. ती मागे रेलून, टाचा रुतवून दोरी ओढत होती. एवढंच मी पुन्हा बघायला गेलो.

जिराफ तांदळाएवढा होता तेव्हा ती वीतभर होती. तो नखाएवढा झाला तेव्हा ती बोटभर. तो करंगळीएवढा झाला तेव्हा ती त्याच्या मागे होती. शेवटच्या फोटोत जिराफ वळून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या खांद्यापलीकडे, काळ्या पट्ट्यापाशी, टाचा रुतवून मागे रेललेला एक ठिपका.

त्या ठिपक्याच्या हातात दोरी नव्हती. ती सगळी मी गुंडाळून घरी आणली होती.

मागे पावलं वाजली नाहीत. बायको चहा घेऊन आली होती. कप माझ्यापुढे ठेवला. पदरावर भुसा होता. ती माझ्याकडे बघून हसली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली. ओठ सावकाश हलले, घरातल्या घरात बोलावं तसे.

"भावजी," जिराफाने मोटरमधून डोकं वर काढलं. "ताई काय म्हणाली?"

मी मोजत होतो. बोटं संपली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती वळून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येईल म्हणून मी कान दिला. आला नाही.

मग आवाज आला. खूप लांबून, वाऱ्यातून, दोन्ही हात तोंडाशी धरून कुणी जिवाच्या आकांताने ओरडावं तसा.

"चहा गार होतोय."

मी कपाला हात लावला. गार झाला होता.